शेवट ठाऊक असूनही

२ ऑक्टोबर १९५५ रोजी, रविवारी रात्री, अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ‘आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स’ या मालिकेचा पहिला भाग दाखविला गेला. त्या भागाचे नाव ‘रिव्हेंज’, म्हणजे सूड. कॅलिफोर्नियात चाकांवरच्या फिरत्या घरात राहायला आलेले एक तरुण जोडपे. पत्नी मानसिक आजारातून नुकती सावरते आहे. पती कामावर गेला असताना तिच्यावर हल्ला होतो. पोलिसांच्या हाती काही लागत नाही. जागा बदलावी म्हणून दोघे मोटारीने निघतात आणि वाटेत एका पादचाऱ्याकडे पाहून ती सांगते की, हल्ला करणारा हाच. पती त्या माणसाच्या मागोमाग हॉटेलात शिरतो, लोखंडी पान्याने त्याचा जीव घेतो आणि परत येऊन गाडी चालवू लागतो. थोडे अंतर जाते. रस्त्यावरच्या दुसऱ्याच एका माणसावर तिची नजर खिळते आणि त्याच सुरात, त्याच शब्दांत ती पुन्हा सांगते की, हल्ला करणारा हाच.

अशा कथेचा शेवट आधीच सांगून टाकणे हा तिच्या चाहत्यांच्या लेखी मोठाच अपराध. शेवट कळला की कथा संपली, मग ती पाहण्यात काय उरले, असे सर्रास मानले जाते. टीकाकारही वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाला येतात. त्यांच्या मते हा सगळा हातचलाखीचा खेळ आहे: पंचवीस मिनिटे प्रेक्षकाला एका दिशेने न्यायचे, अखेरच्या मिनिटाला पायांखालची सतरंजी ओढायची आणि खेळ आटोपायचा. चाहता ज्यासाठी या भागांची स्तुती करतो, त्यासाठीच टीकाकार त्यांना हलके लेखतो. दोघांचेही लक्ष त्या अखेरच्या मिनिटावर असते. वस्तुतः या भागांपैकी जे पन्नास-साठ वर्षांनंतरही पाहावेसे वाटतात, त्यांचे बळ त्या मिनिटात फारसे नाही. ‘रिव्हेंज’ शेवट माहीत असताना पाहावा. पती हॉटेलच्या जिन्याकडे वळतो, तेव्हा पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात न्याय होणार असल्याचे समाधान असते. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला त्याच पावलांच्या आवाजाने धडकी भरते, कारण आता एक निरपराध माणूस मारला जाणार आहे आणि मागच्या खेपेस याच क्षणी त्याला स्वतःला बरे वाटले होते. हा दुसरा अनुभव पहिल्याहून खोल आहे.

महाराष्ट्रातील श्रोत्याला हे नवे वाटू नये. भस्मासुराचे आख्यान कीर्तनात शेकडो वेळा रंगले. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म होईल, हा वर मागताना असुराने स्वतःच्या मस्तकाचा विचार केला नव्हता, ही गोष्ट देवळात बसलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. तरीही मोहिनी नाचू लागली, तिच्या मुद्रेमागे असुराची मुद्रा जुळू लागली, हात खांद्यावरून वर सरकू लागला की सभामंडप स्तब्ध होतो. बुवांनी शेवट आधी सांगू नये, अशी मागणी कोणी कधी केली नसेल. त्या आख्यानातील गोडी अज्ञानातून येत नाही. असुराला जे कळलेले नाही ते श्रोत्याला कळलेले आहे, यातून ती येते.

अमेरिकेतील अर्ध्या तासाच्या भागांना मात्र वारसा मिळाला तो लघुकथेचा आणि नभोवाणीचा. मोपासाँ, अँब्रोज बिअर्स, ओ. हेन्री, साकी यांनी अखेरच्या परिच्छेदात कथेला कलाटणी देण्याची रीत रुजविली होती. पुढे १९४२ पासून वीस वर्षे ‘सस्पेन्स’ या नभोनाट्यमालिकेने ती रीत घरोघरी पोहोचविली. दूरचित्रवाणीने तिला चित्र दिले आणि काळाची कडक मर्यादाही घातली. जाहिराती वगळता उरणारी सुमारे पंचवीस मिनिटे या प्रकाराला इतकी मानवली, की ती मर्यादा सैल होताच प्रकारही सैल झाला. हिचकॉकची मालिका १९६२ मध्ये एका तासाची झाली आणि १९६५ मध्ये थांबली. त्या तासाभराच्या भागांत पाणी घातल्याची जाणीव अनेकदा होते. ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका १९६३ मध्ये काही महिने तासाभराची करून पाहण्यात आली आणि पुढच्याच हंगामात तिला मुकाट्याने अर्ध्या तासावर आणावे लागले. मराठी वाचकाला रत्नाकर मतकरींच्या गूढकथांवरून हे पटेल: भयाला आटोपशीरपणा लागतो.

आल्फ्रेड हिचकॉक स्वतः धक्क्याला फारसे मानत नसे, ही या प्रकरणातील पहिली गंमत. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याने १९६२ मध्ये घेतलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्याने धक्का आणि उत्कंठा यांतील भेद एका उदाहरणाने समजावून सांगितला. मेजाभोवती माणसे बसून गप्पा मारीत आहेत आणि मेजाखाली बॉम्ब आहे. प्रेक्षकाला बॉम्बची कल्पना नसेल, तर स्फोट झाल्यावर पंधरा सेकंदांचा धक्का त्याच्या वाट्याला येतो. बॉम्ब आधीच दाखविला, तर त्याच निरर्थक गप्पा पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. हे ज्याचे मत, त्याच्या नावाची मालिका कलाटणीसाठी प्रसिद्ध व्हावी, हा दैवाचा उपरोधच म्हणावा लागेल. परंतु त्याने स्वतः दिग्दर्शित केलेले भाग पाहिले, तर कोडे सुटते. मालिकेत त्याच्या नावाची पाटी सर्व भागांवर असली, तरी अर्ध्या तासाचे केवळ सतरा भाग त्याने दिग्दर्शित केले, आणि त्यांतील उत्तम भागांत लपवाछपवी अगदी थोडी आहे.

१९५८ मधील ‘लँब टु द स्लॉटर’ हा भाग रोआल्ड डालच्या कथेवर आधारलेला आहे. पोलीस अधिकाऱ्याची गर्भवती पत्नी नवऱ्याच्या जेवणाची तयारी करीत असते. तो थंडपणे सांगतो की, तो तिला सोडून जाणार आहे. तिच्या हातात बर्फाच्या कपाटातून काढलेली मेंढीची गोठलेली तंगडी असते. तिने ती त्याच्या डोक्यात घालते. मग तंगडी भट्टीत भाजायला ठेवते, दुकानात जाऊन भाजी घेऊन येते आणि पोलिसांना फोन करते. घरभर हत्याराचा शोध चालतो. रात्र चढते, पोलिसांना भूक लागते, आणि ती त्यांना शिजलेले मांस आग्रहाने खाऊ घालते. हत्यार इथेच कुठेतरी नाकासमोर असणार, असे ते जेवता जेवता बोलत राहतात. प्रेक्षकापासून येथे काय लपविले? काहीही नाही. खून त्याच्या डोळ्यांदेखत झाला, हत्यार भट्टीत गेलेले त्याने पाहिले. जे लपलेले आहे ते पोलिसांपासून. तरीही हा भाग कलाटणीचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्यात कलाटणी नाही. उपरोध आहे, आणि तो उघड्यावर, वाफाळत्या ताटात वाढलेला आहे.

‘वन मोअर माइल टु गो’ (१९५७) हा भाग याहून साधा आणि म्हणून अधिक धाडसी. खिडकीबाहेरून एका घरातील भांडण दिसते, शब्द ऐकू येत नाहीत. नवरा बायकोला मारतो, प्रेत पोत्यात घालून मोटारीच्या डिकीत ठेवतो आणि अंधारात निघतो. मोटारसायकलवरचा पोलीस त्याला अडवितो, कारण गाडीचा मागचा दिवा लागत नाही. पोलीस भला आहे, मदतीला उत्सुक आहे, आणि त्याचा हा भलेपणाच जीवघेणा ठरतो: दिवा दुरुस्त करायचा तर डिकी उघडावी लागेल. चौकीवर चला, तिथे डिकी उघडून देऊ, असा त्याचा आग्रह आणि पुढे धावणारी ती मोटार, एवढ्यावर भाग संपतो. प्रेत सापडल्याचे दृश्य नाही. अखेरचे मिनिट चक्क रिकामे ठेवले आहे, आणि त्याची उणीव कोणालाही भासत नाही. १९६१ च्या ‘बँग! यू आर डेड’मध्ये लहान मुलगा खेळण्यातले समजून खरे पिस्तूल घेऊन बाजारात फिरतो. तिथेही प्रेक्षकाला सारे ठाऊक आहे आणि मुलाभोवतीच्या प्रौढांना काहीच ठाऊक नाही. ती थोरली माणसे हसून हात वर करतात. त्या हसण्याइतके भयंकर दृश्य या मालिकेत दुसरे क्वचितच असेल.

प्रत्येक भागाच्या आरंभी आणि शेवटी हिचकॉक स्वतः पडद्यावर येई. जाड्या देहाची रेषाकृती, गूनोच्या ‘कठपुतळीची शवयात्रा’ या संगीतरचनेची ती मिस्कील चाल, मग गंभीर मुद्रेने केलेली थट्टा. ही निवेदने जेम्स अ‍ॅलरडाइस लिहीत असे. त्यांत प्रायोजकांच्या जाहिरातींची यथेच्छ टवाळी असे, आणि प्रायोजक ती सोसत, कारण लोक ती आवडीने ऐकत. शेवटच्या निवेदनाकडे आणखी एक काम होते. गुन्हा फळाला आलेला दाखवू नये, असा त्या काळच्या दूरचित्रवाणीचा दंडक होता. कथेत खुनी सुटला, तर निवेदनात तो पकडला गेल्याचे सांगून टाकले जाई. मेंढीची तंगडी घालणाऱ्या बाईविषयी हिचकॉक सांगतो की, तिने दुसऱ्या नवऱ्यावरही तोच प्रयोग केला, पण तो विसराळू निघाला. बर्फाच्या कपाटाचे बटण लावायचे विसरल्याने मांस मऊच राहिले आणि बाई सापडली.

कायद्याचे समाधान झाले. परंतु हे समाधान इतक्या निर्विकार चेहऱ्याने दिले गेले, की त्यावर विश्वास ठेवणारा प्रेक्षक विरळाच. नीतीचा दंडक पाळताना त्या दंडकाचीच चेष्टा करण्याची ही युक्ती म्हणजे मालिकेतील सर्वांत लांबलेला उपरोध होय. आणि तरीही प्रश्न उरतो. प्रेक्षकाला ती बाई सुटावी असे वाटले होते. खुनी असूनही वाटले होते. पोलिसांच्या ताटात पुरावा पडताना तो मनातून हसला होता. निवेदनाने बाईला शिक्षा दिली, प्रेक्षकाच्या हसण्याचे काय?

उपरोध माणसाच्या वागण्यातूनच उगवला, तर तो टिकतो. बाहेरून आणून चिकटविला, तर गळून पडतो. पहिल्या जातीचे उत्तम उदाहरण ‘ब्रेकडाउन’ (१९५५). एक धनाढ्य माणूस सुट्टीवर असताना दूरध्वनीवरून आपल्या जुन्या नोकराला कामावरून काढतो. नोकर रडू लागतो आणि याला त्या रडण्याची किळस येते; पुरुषाने अश्रू आवरावेत, असे त्याचे ठाम मत. परतीच्या वाटेवर मोटारीला अपघात होतो. शरीर पूर्णपणे लुळे पडते, डोळे उघडे, पण पापणी हलत नाही. येणारे-जाणारे त्याला मृत समजतात, त्याचे कपडेही चोरतात. एका बोटाची किंचित हालचाल तेवढी उरली आहे, त्या बोटाच्या आवाजावर त्याची सारी भिस्त. आणि प्रेतागारात नेऊन ठेवताना नेमके ते बोट अंगाखाली दबते. सारा भाग जोसेफ कॉटन या नटाच्या निश्चल चेहऱ्यावर आणि मनातील आवाजावर पेललेला आहे. अखेर भीतीने त्याचा धीर सुटतो, डोळ्यांतून अश्रू ओघळतो, तो अश्रू कोणाच्या तरी दृष्टीस पडतो आणि माणूस वाचतो. ज्याची किळस केली त्यानेच तारले. पहिल्या दोन मिनिटांत टाकलेले बीज शेवटच्या मिनिटात उगवले, आणि मधल्या काळात त्याचे मूळ वाढताना दिसत होते. शेवट आधी सांगितला, तर तो दूरध्वनीचा प्रसंग अधिकच बोचतो.

दुसऱ्या जातीची उदाहरणेही पुष्कळ आहेत आणि त्यांतील काही फार प्रसिद्ध आहेत. ‘द ट्वायलाइट झोन’मधील ‘टु सर्व्ह मॅन’ (१९६२) या भागात परग्रहावरून आलेले उंच पाहुणे पृथ्वीवरील भूक आणि युद्धे मिटवितात. त्यांच्या एका ग्रंथाचे शीर्षक उलगडते ते ‘मानवाची सेवा’ असे. पृथ्वीवरची माणसे आनंदाने त्यांच्या ग्रहाकडे जाऊ लागतात, आणि शेवटी कळते की तो ग्रंथ पाककृतींचा आहे. इंग्रजी क्रियापदाचे ‘सेवा करणे’ आणि ‘ताटात वाढणे’ हे दोन अर्थ या कथेचा कणा आहेत. मराठीत ‘सेवा’ आणि ‘सेवन’ हे शब्द इतके शेजारी आहेत, की कथा मराठीतही उभी राहू शकेल. परंतु एकदा उभी राहिली की तिचे काम संपते. तो विनोद आहे, चांगला विनोद आहे, आणि विनोद दुसऱ्यांदा ऐकताना येते तेवढेच हसू दुसऱ्यांदा येते.

डालच्याच ‘पॉयझन’ या कथेचे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे, विशेषतः भारतातील वाचकाने. मूळ कथा ब्रिटिशांच्या भारतात घडते. हॅरी पोप नावाचा इंग्रज बिछान्यात निश्चल पडला आहे. चादरीखाली, त्याच्या पोटावर मण्यार येऊन निजली आहे, असे तो कुजबुजत्या आवाजात सांगतो. त्याचा मित्र टिंबर मध्यरात्री डॉ. गॅंडरबाय या भारतीय डॉक्टरला बोलावतो. डॉक्टर प्रतिविष टोचतो, चादरीखाली नळी सरकवून क्लोरोफॉर्म सोडतो. घाम गाळीत, जीव धोक्यात घालून तास घालवितो. अखेर चादर उचलली जाते. साप नाही. डॉक्टर सौम्यपणे विचारतो की, साप पाहिल्याची खात्री आहे ना? त्यासरशी हॅरी बिछान्यावर उभा राहून त्याच्यावर वंशाची, रंगाची गलिच्छ शिवीगाळ ओततो. शरमलेला टिंबर डॉक्टरला गाडीपर्यंत सोडायला जातो. या माणसाला विश्रांतीची गरज आहे, एवढेच डॉक्टर म्हणतो आणि निघून जातो. शीर्षकातील विष कुठे होते, ते येथे कळते.

हिचकॉकने १९५८ मध्ये दिग्दर्शित केलेल्या रूपांतरात साप खराच निघतो. भार पडतो तो दोन गोऱ्या मित्रांतील वैरावर. डॉक्टर गेल्यानंतर टिंबर थट्टेने त्याच बिछान्यावर लवंडतो आणि साप त्याला डसतो. दूरचित्रवाणीला हवा असलेला ठसठशीत शेवट मिळाला. दुष्टाला शासन झाले, प्रेक्षक दचकला, आणि अपमान गिळून मोटारीत बसलेला डॉक्टर कथेच्या मध्यावरून कडेला गेला. साप नसणे हीच ज्या कथेची धार, तिच्यात साप सोडण्यात आला. हिचकॉकसारख्या जाणत्या दिग्दर्शकाच्या हातून हे घडावे, यावरून कलाटणीचा मोह केवढा असतो ते ध्यानात यावे.

मात्र सर्व दोष मोहाचा नसे. वर्णभेदासारखा विषय अमेरिकन दूरचित्रवाणीवर सरळ मांडणे त्या दशकात जवळजवळ अशक्य होते, हे रॉड सर्लिंग या लेखकाने अनुभवाने जाणले होते. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि सप्टेंबरमध्ये केवळ गोऱ्या पंचांच्या मंडळाने आरोपींना निर्दोष सोडले. या घटनेतून सर्लिंगला सुचलेले नाटक १९५६ मध्ये ‘नून ऑन डूम्सडे’ या नावाने दाखविले गेले, पण तोवर प्रायोजकांच्या धास्तीने त्याचे रूप ओळखू येईनासे झाले होते. घटनास्थळ दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये ठेवले गेले होते. पडद्यावर बळी गेलेली व्यक्ती कृष्णवर्णीय नव्हती. माणसांच्या तोंडी जे घालता येत नाही ते परग्रहवासीयांच्या तोंडी घातले, तर कात्रीतून सुटते, हा धडा सर्लिंगने घेतला. त्याची ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली २ ऑक्टोबर १९५९ रोजी. हिचकॉकच्या मालिकेला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती. १९६४ पर्यंत चाललेल्या या मालिकेच्या १५६ भागांपैकी ९२ भाग एकट्या सर्लिंगने लिहिले.

त्यांपैकी ‘आय ऑफ द बिहोल्डर’ (१९६०) या भागात लपविणे अपरिहार्य आहे, आणि येथेच आधीच्या विधानांना एक अपवाद करावा लागतो. रुग्णालयातील खाटेवर एक स्त्री आहे. तिचा चेहरा पट्ट्यांनी पूर्ण झाकलेला. ती जन्मजात कुरूप आहे आणि रूप सुधारण्याचा तिच्यावरचा हा अकरावा, म्हणजे नियमाप्रमाणे शेवटचा उपचार आहे. डॉक्टर आणि परिचारिका सावलीत वावरतात, पाठमोरे दिसतात. पट्ट्या निघतात. प्रयत्न फसलेला असतो. तिचा चेहरा अत्यंत सुंदर आहे, आणि उजेडात आलेले डॉक्टरांचे चेहरे डुकराच्या नाकाचे, वाकड्या ओठांचे. डग्लस हेज या दिग्दर्शकाने कॅमेरा ज्या कसोशीने फिरविला आहे, ती निव्वळ चलाखी नव्हे. कुरूप हा शब्द कानी पडताच एक विशिष्ट चेहरा प्रेक्षकाने स्वतःच मनात रेखाटला होता, ते त्याला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या खेपेस पाहताना कान इतरत्र लागतात. वेगळे दिसणाऱ्यांना वेगळे का ठेवायचे, असे तो डॉक्टर हळूच विचारतो आणि परिचारिका त्याला सावध करते की, असे बोलणे राजद्रोह ठरेल. मिसिसिपीचा उच्चारही न करता मिसिसिपीविषयी बोललेले हे वाक्य पहिल्या खेपेस निसटून गेलेले असते.

‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ (१९६०) हा भागही सर्लिंगचाच आणि विषयाने अधिकच थोर. पण त्याने शेवट एक पाऊल लांबविला. एका शांत वस्तीतील दिवे जातात, मोटारी बंद पडतात. परग्रहावरचे लोक माणसांसारखे दिसत आपल्यातच राहतात, अशी गोष्ट एक मुलगा सांगतो, आणि शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. अंधारातून चालत येणाऱ्या आकृतीवर एकजण गोळी झाडतो. तो पलीकडच्या रस्त्याची खबर आणायला गेलेला त्यांचाच शेजारी असतो. कथा येथे पूर्ण झाली होती. त्यानंतर टेकडीवरचे दोन परग्रहवासी दिसतात. दिव्यांची उघडझाप तेच करीत होते, माणसांना आपसांत लढविण्यासाठी. या दृश्याने प्रेक्षकाला नकळत सुटका मिळते. दोष अखेर बाहेरच्याचा निघाला, आणि संशयाने पेटलेली वस्ती फसविली गेलेली वस्ती ठरली. टेकडी नसती, तर ही पळवाट राहिली नसती.

राहता राहिला तो सर्वांत गाजलेला शेवट. ‘टाइम इनफ अ‍ॅट लास्ट’ (नोव्हेंबर १९५९) या भागातील हेन्री बेमिस हा बँकेतील कारकून पुस्तकवेडा आहे. साहेब वाचू देत नाही, बायको तर त्याच्या कवितांच्या पुस्तकावर रेघोट्या मारून ठेवते. जेवणाच्या सुट्टीत तो तिजोरीच्या खोलीत लपून वाचत असताना वर हायड्रोजन बॉम्ब पडतो. बाहेर आल्यावर शहर नाही, माणूस नाही. तो आत्महत्येच्या विचारात असतानाच त्याला ग्रंथालयाचे अवशेष दिसतात, आणि शाबूत राहिलेली हजारो पुस्तके. महिन्यामहिन्याच्या वाचनाचे ढीग तो पायऱ्यांवर रचतो. एक पुस्तक उचलायला वाकतो, चष्मा घसरतो आणि फुटतो.

हा शेवट क्रूर आणि अन्याय्य आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. ‘ब्रेकडाउन’ची कसोटी लावली, तर तो रास्तही दिसतो: बेमिसने कोणाचे काय बिघडविले होते? वाचनाचे प्रायश्चित्त चष्मा फुटून मिळावे, हा कुठला न्याय? चष्मा त्याच्या स्वभावातून फुटत नाही, अपघाताने फुटतो. अशा शेवटाला चिकटविलेला उपरोध म्हणून बाजूला सारावे, असे वाटू लागते. मात्र भाग पुन्हा पाहिला की लक्ष चष्म्यावर राहत नाही, त्या पायऱ्यांवर जाते. बर्जेस मेरेडिथ हा नट तेथे पुस्तकांचे ढीग मोजताना लहान मुलासारखा हरखून गेला आहे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. त्याच्याभोवती एका अख्ख्या शहराची राख आहे. बायको, साहेब, बँकेत रांगेत उभे राहणारे लोक त्या राखेत आहेत. त्यांची आठवण त्याला उरलेली नाही. प्रेक्षकालाही उरलेली नाही, कारण तोही ते ढीग पाहून हरखला आहे. मग काच फुटल्याचा बारीक आवाज येतो आणि त्या भागात पहिल्यांदाच प्रेक्षकाच्या तोंडून हळहळ बाहेर पडते. बेमिस पायरीवर बसून राहतो, हातात चष्म्याची चौकट, आणि कॅमेरा हळूहळू वर, दूर जाऊ लागतो.